नावांसाठी सोडलेल्या जागा

त्या नावाच्या कृपेने
सफेद गाव, नोहाच्या तारवाचा आठवडा, सन १९१५

दादा,

तुला शांती असो. हे पत्र खलील खेचरवाल्याच्या हाती देते आहे. सरकारी टपाल फोडून वाचतात, हे आता इथल्या शेळ्यांनाही ठाऊक झालंय. खलील फौजेचा चारा घेऊन इथून थेट बैर-शेब्यापर्यंत जातो आणि वाटेत यरुशलेमला मुक्काम करतो. त्याला वाचता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

टोळधाड जाऊन महिने झाले, पण अंजिरांना अजून साल नाही. पावात गव्हापेक्षा कोंडा जास्त. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, आणि यंदा आपल्या पंचांगात खरोखरच अदार महिना दोनदा आहे. तू जेवतोस ना नीट? वहिनी गेल्यापासून तू नुसत्या ऑलिव्हांवर दिवस काढतोस, असं खलील सांगत होता.

माझ्या मेर्कादोची खबर त्यानेच आणली. आपल्या यहुदी पोरांच्या हातातल्या बंदुका काढून सुलतानाच्या फौजेने त्यांना कुदळी दिल्या आहेत. वाळवंटात आगगाडीचा रस्ता करताहेत, त्यासाठी दगड फोडायचे. माझं पोर इतकं वाळलंय की खलीलने त्याला आधी ओळखलंच नाही, नाव घेतल्यावर ओळखलं.

म्हणून तुला एक विचारते. मी रोज सकाळ-संध्याकाळ 'प्रभू, प्रभू' करते आणि माझा घसा सुकतो. छत गळायला लागलं तर कोणी शिंप्याला बोलवत नाही. देवाचीही शास्त्रात कितीतरी नावं आहेत म्हणे, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. आम्हा बायकांना कोणी शिकवलं नाही. तुझा तर जन्मच ती नावं लिहिण्यात गेला. पोर परत हवं असेल तर त्याला कोणत्या नावाने हाक मारायची, ते कळव.

आणि तुझ्या घराखालची पाण्याची टाकी सध्या कोरडी आहे का? माणूस आत उभा राहील एवढी ती खोल होती, असं मला आठवतं. विसरू नकोस, नक्की कळव.

तुझी
रेयना

•

त्या नावाच्या कृपेने
यरुशलेम, हागार पळून गेली तो आठवडा

प्रिय रेयना,

पत्र मिळालं. मी नीट जेवतो. टाकीची काळजी नको. तळाला हातभर पाणी आहे, पाऊस पडला की भरेल. ती खोल आहे हे खरं, पण तोंडावर दगडी झाकण आहे, त्यामुळे मी त्यात पडेन ही भीती मनातून काढ.

तुझ्या नवऱ्याच्या, नाहूमच्या आठवणीसाठी तोराची, आपल्या धर्मशास्त्राची, जी गुंडाळी लिहायला घेतली होती, तिचा सगळा मजकूर उन्हाळ्यातच पुरा झाला. आपल्या घराण्याच्या रीतीप्रमाणे देवाच्या नावांच्या जागा तेवढ्या कोऱ्या सोडल्या आहेत. ज्या आठवड्यात सभास्थानात जो भाग वाचतात, त्या भागातली नावं मी त्या आठवड्यात भरतो. पहाटे स्नानकुंडात डुबकी मारायची, मग बसायचं. प्रत्येक नावाआधी मोठ्याने म्हणायचं, 'हे मी त्या नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो आहे.' आणि एकदा बोरू टेकला की इस्राएलचा राजा जरी दारात येऊन 'शांती असो' म्हणू लागला, तरी त्याला उत्तर द्यायचं नाही.

आता तुझा प्रश्न. नावं मी या कागदावर लिहिणार नाही. हे पत्र उद्या खेचराच्या पायाखाली गेलं तर पाप माझ्या माथी. अर्थ तेवढे लिहितो.

एक नाव न्यायाचं. जग निर्माण करताना तेच आहे. त्या नावाने तो खुर्चीवर बसून हिशेब बघतो. दुसरं चार अक्षरांचं, जे आपण उच्चारत नाही. ते दयेचं. पहिल्या नावाने जग टिकेना म्हणून त्याने हे दुसरं त्याला जोडलं, असं जुने गुरू सांगतात. तिसरं, आपल्या दाराच्या चौकटीवरच्या शास्त्रवचनाच्या डबीवर असतं ते. त्याचा अर्थ, 'पुरे' म्हणणारा. जग पसरतच चाललं होतं. त्याने 'पुरे' म्हटलं आणि ते थांबलं. घराची राखण त्या नावाकडे आहे.

आणि या आठवड्यात भरलं ते नाव, 'मला पाहणारा'. ते त्याला ना अब्राहामाने दिलं, ना मोशेने. मालकिणीचा जाच सोसवेना म्हणून पळालेली हागार दासी वाळवंटात विहिरीपाशी बसली होती, तिने दिलं. अख्ख्या शास्त्रात देवाला नाव देणारी ती एकटीच बाई.

तू दयेच्या नावाने हाक मार. नियम तसाच आहे.

तुझा भाऊ
हिझकिया

•

त्या नावाच्या कृपेने
सफेद, सारा वारली तो आठवडा

दादा,

तू मोठा हाखाम, शास्त्र जाणणारा, आणि तुझ्या डोक्यात प्रकाश पाडायला मला दिवा घेऊन यायला हवं. टाकी कोरडी आहे का, हे मी पाण्यासाठी विचारलं नव्हतं रे. तू पडशील म्हणूनही नाही.

स्पष्टच लिहिते. मेर्कादो पळून येणार आहे. मीच त्याला निरोप पाठवलाय. त्यांच्या तळावर ज्वर पसरलाय, रोज सकाळी कोणी ना कोणी उठत नाही. तिथे राहिला तर मरेल, पळताना सापडला तर मरेल. मग निदान पळून तरी बघू दे. सफेदपर्यंत तो पोहोचणार नाही. वाटेत घर एकच, तुझं. त्याला टाकीत उतरव आणि वर झाकण लाव. लढाई काही जन्मभर चालत नाही.

तू लिहिलेलं मी खलील जेवेपर्यंत तीनदा वाचून काढलं. 'पुरे' म्हणणारा मला आवडला. पण दादा, त्याने जगाला एकदाच 'पुरे' म्हटलं आणि मग जीभ आवरून घेतली की काय? इथे तर कोणी म्हणताना दिसत नाही.

मी हागारने दिलेलं नाव घेणार आहे. तुझा नियम तुझ्यापाशी ठेव. पळालेली दासी ज्याला दिसते, त्याला पळालेला शिपाईही दिसेल. आणि तिचं पोर पुढे कुठे तहानेने मरायला टेकलं होतं, ते आठव. ह्याच बैर-शेब्याच्या वाळवंटात. तिने त्याला झुडपाखाली ठेवलं आणि लांब जाऊन बसली, कारण मरताना बघवेना. मी तर तिच्याहून किती लांब बसले आहे.

तू 'हो' म्हण. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

रेयना

•

त्या नावाच्या कृपेने
यरुशलेम, याकोबाच्या शिडीचा आठवडा

प्रिय रेयना,

हो.

आता बाकीचं. मी भ्यालो आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. मागच्या सोमवारी वेशीपाशी फौजेतून पळालेल्या एकाला फाशी दिली आणि दिवसभर तसाच ठेवला. छातीवर पाटी होती. मी दुसऱ्या रस्त्याने घरी आलो. पळालेल्याला घरात घेणाऱ्याचीही तीच गत करू, अशी दवंडी आहे. पण भ्यालेल्या माणसालाही झाकण उचलता येतं.

टाकीतलं पाणी उपसून शेजारणींना वाटून टाकलं. त्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं साफ करायची आहे. गच्चीवरून पावसाचं पाणी आत आणणाऱ्या पन्हळाच्या तोंडात चिंध्या कोंबल्या. खाली पेंढा टाकला, त्यावर तुझ्या वहिनीची रजई अंथरली. एक घडा आणि सुकी अंजिरंही ठेवली आहेत.

तू त्याच्यासाठी माझ्यापुढे हात पसरावेस, याचं मला वाईट वाटलं. तो माझाही आहे. तुझी पहिली दोन पोरं गेली आणि हाही तापला, तेव्हा पाळण्यातून उचलून तूच मला विकला होतास. मी चांदीचं नाणं दिलं, तू ते घेतलंस, आणि त्याचं जुनं नाव पुसून आपण त्याला मेर्कादो म्हणू लागलो, विकलेला. म्हणजे मृत्यूचा दूत जुन्या नावाने विचारत आला तर त्याला सांगता यावं, त्या नावाचं इथे कोणी नाही. तो सौदा मी मोडलेला नाही.

माझ्याकडे शिकायला होता ते दिवस हल्ली फार आठवतात. देवाने त्याला हात दिला तो डावा. डावखुऱ्याने लिहिलेली गुंडाळी आपल्याकडे चालत नाही, म्हणून त्याला मी एक अक्षरही लिहू दिलं नाही. बोरू तासायला बसवलं. मी नावं लिहायला बसलो की तो दाराबाहेर पायरीवर, चाकू आणि बोरूंची जुडी घेऊन. एकदा त्याने मध्येच मला हाक मारली होती. मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. त्यानंतर त्याने कधी मारली नाही. तसे बोरू मला पुन्हा कोणी तासून दिले नाहीत.

ये म्हणावं. पन्हळ बुजवलंय.

हिझकिया

•

त्या नावाच्या कृपेने
सफेद, योसेफाला भावांनी विकलं तो आठवडा

दादा,

तुझा 'हो' मी चोळीत ठेवलाय. कागद फाटायला आला.

खलील निरोप पोहोचवून आला. पोर म्हणालं, पावसाने वाटा चिखलल्या की पहारेकरी तंबूतून बाहेर पडत नाहीत, तेव्हा निघेन. आपल्या हिवाळ्यातल्या दिव्यांच्या सणानंतर केव्हाही. दिवसा लपून रात्री चालायचं, आणि पहाटे वेस उघडली की भाजीवाल्यांच्या घोळक्यात शिरून आत यायचं. अक्कल माझ्यावर गेली आहे त्याची.

त्याला म्हणावं, आई रागावलेली नाही. अंगात ताप असेल तर लसणीचं पाणी दे. आणि टाकीत अंधार आहे म्हणून कुरकुर करू लागला तर माझ्या नावाने एक चापट मार.

आज खूप दिवसांनी मी चुलीपुढे बसून गाणं म्हटलं. शेजारीण डोकावून गेली, बाई ठीक आहे ना म्हणून.

रेयना

•

त्या नावाच्या कृपेने
यरुशलेम, मोशेने जळतं झुडूप पाहिलं तो आठवडा

प्रिय रेयना,

अजून घरात कोणी आलेलं नाही.

मी गुंडाळीत मिसर देशापर्यंत आलो आहे. या आठवड्याचं नाव कठीण आहे, म्हणून तुला त्याबद्दल लिहितो. मोशे विचारतो, लोकांनी तुझं नाव विचारलं तर काय सांगू? उत्तर येतं, 'मी असेन तो असेन.' गुरू म्हणतात, याचा अर्थ असा की या संकटात मी त्यांच्याबरोबर आहे, आणि पुढच्या संकटातही असेन. त्यावर मोशे म्हणाला, त्यांना आत्ताचंच झेपत नाही, पुढचं कशाला सांगायचं? तेव्हा देवाने ऐकलं, आणि म्हणाला, बरं, नुसतं 'मी असेन' एवढंच सांग. देवाला माणसाने शिकवलेली ही एक गोष्ट.

मंगळवारी सकाळी मी त्याच ओळींवर होतो. गल्लीत बुटांचा आवाज आला, थोडा आरडाओरडा झाला. कोणाला तरी धरून नेलं म्हणतात. लोक काय, काहीही म्हणतात. गुंडाळीच्या त्या स्तंभातली नावं पुरी झाल्यावर मी दार उघडलं. गल्लीत कोणी नव्हतं. पाऊस भुरभुरत होता.

उंबऱ्यावर एक नवा तासलेला बोरू होता. कोणाचा ते ठाऊक नाही. चांगला आहे. हे पत्र त्यानेच लिहितो आहे. अक्षर नेहमीसारखं नाही वाटलं तर समजून घे.

थंडी फार आहे. तू अंगावर घेत जा.

हिझकिया

•

सफेद, मिसरावर संकटं आली तो आठवडा

दादा,

अक्षर नेहमीसारखं नाही. सगळ्या अक्षरांचे पाय उलट्या बाजूला जाड आहेत.

मी लिहिणारी नाही, पण लिहिणाऱ्यांच्या घरात वाढले. बोरूचं टोक एका बाजूला तिरकं कापतात. उजव्या हाताचा माणूस कापतो त्याच्या उलट ते कापलं, की अक्षर असं येतं. तूच त्या पोराला ओरडायचास, उलटं कापतोस म्हणून. मग तो तुझ्यासाठी सुलटं कापायला शिकला. पण घाईत असला, की हात मूळपदावर जायचा.

तो बोरू कोणाचा ते तुला ठाऊक नाही? यरुशलेममध्ये तुझ्या पायरीवर बसून डाव्या हाताने बोरू तासणारे असे किती जण आहेत? दादा, तू ओळखलं नाहीस, की ओळखलंस आणि मला लिहिलं नाहीस? यातलं कोणतं जास्त वाईट, ते मी रात्रभर ठरवते आहे.

आणखी एक. मी इथल्या म्हाताऱ्या हाखामांकडे गेले. दारातूनच विचारलं, की नाव लिहिताना राजालाही उत्तर देऊ नये, हे खरं का? ते म्हणाले, खरं. मी विचारलं, मग एक नाव पुरं झालं आणि दुसरं अजून सुरू केलं नाही, तेव्हा? ते म्हणाले, तेव्हा देता येतं. शास्त्रात स्पष्ट आहे, लहान मुलालाही माहीत असतं.

माझ्या मुलाला माहीत नव्हतं. त्याला तू शिकवलं होतंस.

काय झालं ते लिही. आडवळणाने बोरूबिरूचं सांगू नकोस.

रेयना

•

यरुशलेम, समुद्र दुभंगला तो आठवडा

रेयना,

ओळखलं होतं. लिहिता येईना, म्हणून बोरूचं लिहिलं. तू वाचशील हे ठाऊक होतं.

सांगतो. त्या सकाळी मी बसलो आणि थोड्या वेळाने पायरीवर खरवडण्याचा आवाज आला. बोरूवर चाकू फिरवल्याचा. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. मला कळलं, आला. इतका आनंद झाला की हात उचलून धरावा लागला, नाहीतर शाई ओघळली असती. मनात म्हटलं, एवढा स्तंभ पुरा करतो आणि उघडतो. त्याला थांबायची सवय आहे.

तू म्हणतेस ते शास्त्रात आहे. मला माहीत होतं. स्तंभ संपेपर्यंत उठायचं नाही हा नियम माझा होता, देवाचा नव्हता. आपल्या बापाने असं कधी केलं नाही. मला वाटायचं, लोकांनी म्हणावं, हिझकियासारखा कोणी नाही. म्हणतातही.

एक नाव संपलं. मी दुसरं घेतलं. मध्ये जागा होती, रेयना. तेवढ्यात दोन पावलं टाकून कडी काढता आली असती. पुन्हा एक संपलं, पुन्हा मध्ये जागा होती. बाहेर खरवडणं चालू होतं. मग ते थांबलं आणि बूट वाजले. तेव्हा मी 'मी असेन'च्या मधोमध होतो, आणि तेव्हा मात्र खरोखरच उठता येत नव्हतं. त्याने हाक मारली नाही. धरलं तेव्हाही मारली नाही. मारली असती तर तो कोणाच्या घरी आला होता, ते त्यांना कळलं असतं.

मी त्याच दिवशी बराकीत गेलो. दुसऱ्या दिवशीही गेलो. एका कारकुनाने सांगितलं, फाशी दिलेली नाही, रस्त्याला हात कमी आहेत म्हणून पळालेल्यांना परत कामावर पाठवतात. त्याला बांधून बैर-शेब्याला नेलं आहे. मी मागून जायला निघालो, वेशीवर अडवलं. खलीलजवळ माझी उबदार बंडी आणि औषध दिलं आहे.

तेव्हापासून मी बोरू हातात घेतलेला नाही. 'मी असेन' हे तिथे लिहिलेलं आहे, त्यापुढच्या जागा कोऱ्या आहेत. त्या आता कोऱ्याच राहतील. मी ते नाव कोणत्या तोंडाने लिहू?

मला शिव्या दे, पण पत्र लिही.

हिझकिया

•

सफेद, दुसरा अदार

दादा,

मेर्कादो गेला. ज्वराने. तुझी बंडी पोहोचली होती, अंगात होती. रस्त्याच्या कडेला पुरलं. आपल्यातलेच काही जण होते, त्यांनी प्रार्थना म्हटली. खलीलने जागा पाहून ठेवली आहे, झुडपाजवळ आहे म्हणाला.

आपण त्याचं नाव बदललं, पण दूताला पत्ता लागलाच. सुतकाचा सातवा दिवस होऊन गेला. मी जमिनीवरून उठले, पण उठून काय करायचं ते कळत नाही.

खलील त्याला मरणाच्या आदल्या दिवशी भेटला होता. निरोप आहे, आणि तो तुझ्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही. म्हणाला, 'मामाला सांग, मी दार वाजवलं नाही. आतून त्याचा आवाज येत होता, नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो आहे असा. मी थांबलो. बोरू उंबऱ्यावर ठेवलाय, त्याला दिसला का विचार.' खलील सांगतो, हे बोलताना तो चक्क खूश होता. धडा बिनचूक म्हणून दाखवल्यावर पोरं होतात तसा.

मला तुझा राग आहे. मरेपर्यंत राहील. मी 'मला पाहणारा' म्हणून हाका मारल्या. त्याने पाहिलं असेल. नुसतं पाहिलं. हागारला त्याने निदान विहीर दाखवली होती. आणि 'पुरे' म्हणणारा तर त्याच्या डोक्यावर होता, तुझ्या चौकटीवरच्या डबीवर. पोराने पायरीवर बसताना तिला हात लावला असेल, आपल्या सवयीप्रमाणे.

आता ऐक. पुढच्या जागा कोऱ्या ठेवायचं म्हणतोस. तसं चालणार नाही. माझं पोर त्या पायरीवर बसून राहिलं, ते तुझं लिहिणं पुरं व्हावं म्हणून. तू अर्ध्यावर सोडलंस तर ते कशासाठी बसलं होतं? काही नाही यासाठी? तेवढं दुःख आणखी मी सोसणार नाही. सगळी नावं लिही, दयेची तर सगळीच. प्रत्येक लिहिताना तुला कळू दे, तू काय लिहितो आहेस.

पण दार उघडं ठेवून लिही. आणि एक नाव पुरं झालं, की मान वर करून बघ, बाहेर कोण आहे ते. प्रत्येक वेळी. माझ्यासाठी एवढं कर.

गुंडाळी झाली की पाठव. मी ती सभास्थानातल्या बायकांच्या सज्जातून बघेन. पत्र पाठवू नकोस.

रेयना

•

यरुशलेम, शावुओत सणानंतर

रेयना,

पत्र पाठवू नकोस म्हणालीस, तरी गुंडाळीबरोबर ही चिठ्ठी ठेवतो. वाचायची नसेल तर जाळ. यात कोणतंही नाव नाही.

सांगितलंस तसं केलं. थंडीत दार उघडं, नंतर धुळीत उघडं. एक नाव झालं की बोरू खाली ठेवायचा, मान वर करायची आणि विचारायचं, कोण आहे? गल्लीतल्या लोकांना वाटतं हाखाम बिघडला, रिकाम्या पायरीशी बोलतो. कधी शेजारचं मांजर असायचं. एकदा पाणी मागायला आलेला भिकारी होता, त्याला पाणी दिलं. आठवड्यांचा हिशेब सोडून रोज बसलो, तरी काम फार सावकाश झालं.

त्याचा बोरू या गुंडाळीला लावलेला नाही. तो लावला असता तर अक्षरं उलट्या बाजूला जाड आली असती आणि ती तुमच्याकडे चालली नसती, नियम आहे. तो उंबऱ्यावरच ठेवला आहे, होता तिथे.

आता रोज त्याच्यासाठी प्रार्थना मी म्हणतो. विकत घेतला होता, म्हणून मुलाची प्रार्थना बापाने म्हणावी तशी.

पाऊस यंदा चांगला झाला. गल्लीत सगळ्यांच्या टाक्या काठोकाठ भरल्या. मी शेजाऱ्यांकडून घागरीने पाणी आणतो. ते विचारतात, तुमच्या पन्हळाला काय झालं? मी घागर उचलून घरी येतो. चिंध्या काढलेल्या नाहीत. खाली रजई तशीच आहे, घडाही तसाच आहे, अंजिरांना कीड लागली म्हणून तेवढी बदलली.

पहिल्या पत्रात तू विचारलं होतंस आणि मी नीट उत्तर दिलं नव्हतं. टाकी कोरडी आहे.

हिझकिया